चारशे चौदा

आंबा घाट संपतो तिथं, साखरप्यात, आमची शेड.
आधी वास येतो, मग ट्रक.
जळक्या लायनरचा वास,
तव्यावर विसरलेल्या मेथीदाण्यासारखा कडू.
लतीफ सोलकर नाक वर करून सांगतो,
"मागचा डावा. भरलेला. घाईत हाय."
आणि खरंच, वळणावरून येतो
पेंडीची पोती लादलेला दहाचाकी,
मागच्या डाव्या चाकातून धूर सोडत.

ड्रायव्हर पिराजी चौगले, पन्हाळ्याकडचा,
उडी टाकतो तो हातात पाण्याची बाटली घेऊनच.
"ओतू नको!" लतीफ ओरडतो.
"तापल्या बिडावर पाणी म्हंजे तडा.
आतल्या आत जायल, दिसायचा नाय."
पिराजी बाटली तोंडाला लावतो,
उगाच, तहान नसताना.

आधी चाकांना चिरे. पुढं दोन, मागं दोन.
मग जॅक, मग घोडी, मग नट.
हा क्रम मला शाळेत असल्यापासून पाठ,
कारण लतीफच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत
आणि बाकीची कुठल्या चुकीत गेली
ते तो सांगत नाही.

निवेस्तोवर चहा.
मग ड्रम उतरतो, दोघांच्या मिठीतून.
बाहेरून नुसता धुळीचा, गंजका, धडधाकट.
झिजतो तो आतून.
काठाला ओठ आलाय, नख अडतं.
मधे रिव्हिटांनी ओढलेल्या रेघा,
आणि जागोजाग निळे डाग,
मार उतरताना अंगावर दिसतात तसे.

माझं काम मापाचं.
कॅलिपर तीन ठिकाणी लावायचा,
कारण झिजलेला ड्रम गोल राहत नाही
आणि एकाच जागी मोजलं
तर आपल्याला हवं तेच सांगतो.
नवा चारशे दहा.
काठावर ओतलेला शेवटचा आकडा चारशे चौदा.
हा भरतो चारशे तेरा पॉइंट दोन.
पॉइंट सहा.
पॉइंट नऊ.

देवरुखहून फोनवर बेर्डे शेठ:
"अगं, लेथवर एक हात फिरव, पातळसा.
चौदाच्या आतच आहे ना?"
आत्ता आहे. रेघा जाईस्तोवर कातला की नाही.
"मागच्या साली तर बदललाय!"
मी वही उघडते. ह्या गाडीची चार पानं.
बदलला तो उजवा.
डाव्यापुढं लिहिलंय, "पुढच्या खेपेला."
दोन्ही एकदम बदलायचे असतात, तेही लिहिलंय,
लतीफच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.
शेठ गप्प. मग,
"मोजतंय कोण, तू की लतीफ?"
म्हटलं, कॅलिपर.

पिराजी हळूच विचारतो,
"वर जाताना काय हुत न्हाई न्हवं, ताई?"
वर जाताना नाही.
"उतरताना बारक्या गियरात घेतो की."
"ते तर घ्यायचंच," लतीफ म्हणतो,
"ज्या गियरनं चढलास त्याच गियरनं उतर.
ब्रेक म्हंजे काय कठडा नाय, टेकून बसायला."
आणि गॅस कटर पेटवतो,
ड्रमच्या काठात बोटभर खाच पाडतो आरपार.
नाहीतर भंगारातून रंग लावून तो परत येतो,
दुसऱ्या गाडीला, दुसऱ्या नावानं.

खाच पडलेले पाच झाले की
काळबादेवीचा गजा मयेकर टेम्पो आणतो.
खाडीत होड्या बांधतो त्यांना.
सांगतो, चिखलात रुतून बसतात, मस्त,
ओहोटीला नुसती कड दिसते.

दोन्ही ड्रम नवे यायला दोन रात्री लागल्या.
पिराजी पोत्यांवर झोपला, घरी बोलला,
कोणाला तरी "न्हाई, पंक्चर" म्हणाला.
जाताना वहीत त्यानं सही केली,
जिथं सहीची जागा नव्हती.

आता तिन्हीसांज. वरून गाड्या उतरतायत,
इंजिनाच्या आवाजावर, धीम्या.
वाऱ्याला कसला वास नाही.
लतीफ तरी चहा निववत
नाक वर करून बसलाय.