दिलेलं पान

रात्रीचे पावणेतीन. विक्रोळी, सातवा मजला.
एसीखाली स्वेटर घालून बसलोय
आणि पाइपच्या पलीकडच्या टोकाला
मंगळवारच्या हिशेबात बुधवार उगवतोय.

साधा राइट केला असता, तर कर्नलनं,
लष्करातल्या नव्हे, यंत्राच्या पोटातल्या,
माझ्या बफरमधलं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं असतं
किल्ला कोर्टाबाहेरच्या टायपिस्टासारखं.
मूळ प्रत माझी मला.
मग मी ती खोडेन, फाडेन, तिच्यावर भजी खाईन.

पण नकलेत वेळ जातो.
म्हणून व्हीएमस्प्लाइस.
नक्कल नको, बाबा रे, पानच घे,
चार हजार शहाण्णव बाइटांचं अख्खं पान.
वर झेंडाही लावला: गिफ्ट.
मॅन्युअलमध्ये अट एकच,
दिल्या पानाला परत हात लावायचा नाही.

मी लावला.
पलीकडच्यानं वाचायच्या आत
त्याच पानावर पुढचा दिवस लिहिला.

बाबा महापालिकेत चावीवाले. एकतीस वर्षं.
खांद्यावर लोखंडी चावी, पहाटे चारला
सूर्यनगरच्या चढावर चेंबरचं झाकण उचलायचं,
मोजून सत्तावीस आटे.
वर घाडीकाकू नळाला कळशी लावून बसलेल्या असत,
न रागावता, न उठता,
थेंब येईस्तोवर जागच्या जागी.
याला ब्लॉकिंग रीड म्हणतात
हे मला फार पुढे कळलं.

एकदा विचारलं होतं, पाणी कोणाचं हो?
म्हणाले, शेवटचा आटा फिरेपर्यंत माझं.
आणि हाताचा गंज पायजम्याला पुसला.

सव्वाचारला दुरुस्ती झाली. दोन बफर.
एक दिला की त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही
पलीकडून 'वाचलं' येईपर्यंत.
वेग थोडा गेला. सकाळी परेरा कुरकुरेल, कुरकुरू दे.

घरी बाबा जागे असतील.
निवृत्तीला सहा वर्षं झाली,
मनगट अजून चारला फिरतं, चादरीखाली.
चप्पल काढतानाच विचारतील, आलं का?
काय, ते कधीच सांगत नाहीत.
मी म्हणेन, आलं.
मंगळवारचं मंगळवारी.