शेरा

तीन कोटेशनं आली आहेत, एकाच टाचणीत.
पेट्रोलचं यंत्र, डिझेलचं, बॅटरीचं.
गवत एकच.

हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला आमची दफनभूमी,
इतकी उतरती की मेलेलेसुद्धा
टाचा रोवून झोपले असतील.
आमच्याकडे माणूस जळतो,
त्यामुळे त्याच्यावरचं गवत कुणी कापायचं
हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.
आता पगारच त्याचा आहे.

डिझेल दणकट, पण दोन थडग्यांमधल्या बोळात वळत नाही.
पेट्रोल स्वस्त, थंडीत खोकतं.
बॅटरी एका दमात अकरा ओळी कापते,
ओल्या गवतात आठ,
मग दोन तास भिंतीला तोंड लावून पीत बसते.
आणि चढावर नाकापेक्षा मोती जड.

डेरेक ओल्डरॉइडला म्हटलं, चालवणारे तुम्ही, तुम्ही सांगा.
म्हणाला, मी मार्चमध्ये सुटतोय,
पुढे ज्याचे हात लागणार त्याला विचारा.
त्याच्या हातात चोवीस वर्षांचं इंजिन आहे,
बंद केलं तरी चालू. कप बशीत वाजतो.
हे कुठल्या रकान्यात?
'दुरुस्ती'पर्यंत पेन नेलं,
परत आणलं.

गुरुवारी कंपनीचा पोरगा यंत्र दाखवायला आला,
कॅलम, नवेकोरे बूट.
खरंच आवाज नाही,
चाळणीतून पीठ पडावं इतकाच.
तीन ओळी पलीकडे कुणाला तरी पुरत होते,
सात-आठ माणसं, एक चाकाची खुर्ची.
कॅलम कापत राहिला.
कुणाला त्रास नाही,
कुणी वळूनही पाहिलं नाही.

वर, भिंतीपाशी,
डेरेकनं आपलं पेट्रोलचं धूड बंद केलं,
टोपी काढली, छातीशी धरली
आणि उभा राहिला, माती पडेपर्यंत.
टोपी हलत होती. वाराही होता.

नियम जुना आहे:
शवपेटी फाटकातून आत आली की इंजिन बंद.
आवाजापायी केलेला नियम.
आवाजच गेल्यावर त्याचं काय करायचं
हे तिन्ही कोटेशनांत नव्हतं.

मी बॅटरी निवडली.
हिशेब तिकडेच झुकत होता, आणि तो कप.
खड्डे खणायला डिझेल राहू दे म्हटलं;
इथली जमीन दगडाची,
अर्धा खड्डा टाकून चार्जिंगला जाता येत नाही,
माणसं येऊन उभी असतात.

शेऱ्यात लिहिलं:
अंत्यविधी चालू असता यंत्र थांबवावे.
आवाज होत नसला तरी.

डेरेकला वाचून दाखवलं.
त्यानं कप दोन्ही हातांनी खाली ठेवला,
म्हणाला, आणि टोपी?

रकान्यात जागा नव्हती.
समासात लिहिलं.