मेण

दोन बादल्या. एक फेसाची, एक नुसत्या पाण्याची.
मगदूम अण्णा कठड्यावरून सांगतात,
"फडकं खाली पडलं तर परत गाडीला लावायचं नाही, वहिनी.
एक खडा, अन् जन्माचा ओरखडा."

माधवनगरच्या बोळात ऊन यायला अजून तासभर आहे.
दाराच्या रबरातून अजून हळद निघते.
अकरा वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात उभी होती ना ही,
पोत्यांच्या थप्पीला लागून,
माझा दिवसाचा ताळा जुळेपर्यंत.
काडीला चिंधी गुंडाळून काढते.
सगळी नाही काढत.

मग पॉलिश. लहान लहान गोल.
"जपून. चकाकी म्हणजे वरचा पापुद्रा झिजवणं.
रंग काही वाढत नाही त्यानं."
हे मला कुणीतरी
फार आधी सांगायला हवं होतं.

शेवटी मेण, यांच्या जुन्या बनियननं.
धुरकट होईस्तोवर थांबायचं.
तेवढ्यात चहा.

पुसलं, तर बॉनेटमध्ये
दोरीवरचा परकर, विजेची तार,
अण्णांचा अर्धा कठडा,
आणि एक बाई, नाक जरा पसरलेलं,
नखांत पिवळं.

एक चिमणी येऊन
तिच्या कपाळावर उतरली
आणि घसरली.