डावी शिफ्ट

सावद्याच्या स्टँडमागे, केळीच्या क्रेटांच्या गल्लीत
माझं दुकान : झेरॉक्स, अर्ज, पासपोर्ट फोटो.
बाहेर मे महिना, पत्र्यावर पापड भाजेल असा.

साडेदहाला 'अर्जदार' लिहायला घेतलं
तर पडद्यावर अ आलाच नाही.
आलं ठिपक्यांचं एक रिंगण
आणि त्याच्या बुडाशी मोडलेला पाय.
'आईचे नाव' : दोन रिंगणं, एकाला काना, एकाला वेलांटी,
आत कोणीच नाही.

ख दाबला तर क. भचा ब.
फैजपूर लिहिलं, झालं पैजपूर.
शाळा लिहिली तर साला.
ज्या ज्या अक्षरांना छातीतून श्वास लागतो
ती सगळी उन्हातून आल्यासारखी
निम्म्या दमात बसलेली.

वायर काढली, फुंकली, शेजारच्या भोकात घातली.
मशीन बंद केलं, वीसपर्यंत आकडे मोजले, चालू केलं.
कोपऱ्यात भाषा पाहिली. मराठीच होती बिचारी.
मग कीबोर्ड पालथा घेऊन थोपटला, ढेकरासाठी बाळ थोपटतात तसा :
पडल्या तीन पिना, एक राजगिऱ्याचा दाणा,
आणि फोटो कापताना उडालेला
कुणाचा तरी अर्धा कान.

समोरच्या मोबाइल दुकानातून रमजान तडवी आला.
दोन बोटं दाबून म्हणाला, शिफ्ट गेली. डावी.
पेचकसाने टोपण उचकटलं
तर खाली चीक, वाळून काळा झालेला.
माझाच. सकाळी बागेत घड उतरवून
हात नीट न धुता खुर्चीवर बसते मी.
धडुत्यावरचा हा डाग धडुतं फाटल्यावरच जातो,
तिथे रबराच्या बटणाची काय कथा.

एवढा वेळ स्टुलावर एक बाई,
पदराने वारा घेत, काही न बोलता.
आता तिने रेशनकार्ड पुढे केलं.
कोकिला कर्डू बंगाले.
"काबरं व माय, मी काय बंगालची हाये?
अन् आमचे हे काय बकरीचं पिलू?"

मी कार्ड पाहिलं, मग उघडी पडलेली शिफ्ट पाहिली.
कोकिळा उखर्डू भंगाळे.
एक एक अक्षर लावून पाहिलं, तंतोतंत जुळलं.
म्हणजे बारा वर्षांपूर्वी, तालुक्याच्या कुठल्याशा टेबलावर
कुणाचीतरी डावी शिफ्ट अशीच गेलेली,
आणि त्याने कीबोर्ड पालथा केला नाही.
उखर्डूचा लोंबकळणारा उकार तेवढा खोडला,
जेवायला गेला.
त्या दिवशी त्याच्या हातून
अजून किती जण निम्म्या श्वासाचे झाले असतील,
आणि कुठल्या कुठल्या खिडकीत उभे असतील अजून.

टायपिंगच्या क्लासात नेहेते मॅडम ओरडायच्या,
दुसऱ्या बाजूलाही शिफ्ट आहे गं,
देवाने काय शोभेला दिली?
सतरा वर्षांत मी ती दाबली नव्हती.
वरची धूळ तशीच, कोवळी.

करंगळी ताणली, ती चालली.
ळ उमटायला एकाच हाताची दोन बोटं
तंगड्या फाकवून उभी राहिली, पण उमटला.
भ आला. ख आला, खाकरल्यासारखा.
'उ' स्वतःच्या पायावर आला.

"वाचून दाखव," ती म्हणाली. मी वाचलं.
"हां. कोकीया भंगाये," तिने मान डोलावली, "बरोबर."

मग सहीसाठी पेन मागितलं.
प्रौढांच्या वर्गात एवढं एकच शिकली होती, नाव.
तोंडाने य म्हणत
तिने कागदावर ळ काढला,
सावकाश, दोन्ही डोळे गोल भरून,
आणि पेन उचलण्याआधी
एकदा त्याच्याकडे बघितलं.

वीस रुपये झाले. दहाच घेतले, चीक माझा होता.
रमजान म्हणतो नवा कीबोर्ड साडेतीनशेला.
बघू. सध्या करंगळी दुखते.