सातदऱ्या

वाळपईच्या बसस्टँडमागे माझं दुकान,
झेरॉक्स, आधारची दुरुस्ती, वीजबिलं.
झिलू माजीक आला तो बाजार उठल्यावर,
पिशवीत मिरी, आणि वहीच्या फाडलेल्या पानावर नाव.
तीन खोल्या बांधल्यात त्यानं डोंगराच्या कुशीत.
पाहुणे यायचे तर पत्ता हवा इंटरनेटवर,
आणि तो आपल्या अक्षरांत.
सातदऱ्या. वाड्याचं नाव तेच, त्याच्या आज्याच्याही आधीपासून.

मी र घेतला, पाय मोडला,
मग दाबली ती कळ जी काहीच उमटवत नाही,
र ला फक्त सांगते, वर उडू नकोस,
इथेच थांब, या ला टेकून.
पडद्यावर नाव बरोबर आलं.

मग यंत्रानं ते खाली नेलं.
खालच्या थराला देवनागरी कळत नाही,
त्याला लागतात सव्वीस रोमन अक्षरं, दहा आकडे, एक आडवी रेघ.
चेपणीला घातलेल्या तोरांसारखं
नाव आत जातं गोल, हिरवं,
बाहेर येतं सुरकुतलेलं, खारट, पण तोरच.
सुरुवातीला एक्स, एन, दोन रेघा,
पुढे असं गिचमिड की कीबोर्डवरून मांजर गेलं असावं.

झेरॉक्सपाशी उभ्या एस्कोलास्तिकाबाईंनी
चष्मा वर करून वाचायला घेतलं.
त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात एक्स म्हणजे श,
शेतसुद्धा एक्सनं, शीतसुद्धा एक्सनं.
"श्न... हो शणै कोण रे?"
हसलो तिघंही.

सवयीनं मी उलटं फिरवून पाहिलं.
गिचमिडातून नाव परत आलं
आणि र उडालेला, या च्या डोक्यावर बसलेला:
सातदर्या.
न दिसणारी कळ खरंच कुणाला दिसली नव्हती.
वाटेत कुणीतरी काढून टाकली, तांदळातल्या खड्यासारखी.

झिलू बराच वेळ बघत राहिला.
"म्हाका दर्या कित्याक जाय?"
समुद्र त्यानं पाहिलाय दोनदाच,
एकदा शाळेच्या सहलीत,
एकदा पणजीत, कोर्टाच्या तारखेला, जेवणाच्या सुट्टीत.
गोवा म्हटलं की लोकांना दर्याच हवा, हे त्याला ठाऊक आहे.
पण सात? एका दुपारी, सत्तरीत?

दुसरी वाट होती.
टिंबवाला ऱ, ज्याला एकट्याला कुणी विचारत नाही,
पाय मोडला की तोच आकार धरतो,
कुठल्याही छुप्या कळीशिवाय.
पण भाषेचा कोड बघूनच त्याला आत घेतात.
मी घाईत हिंदी ठेवली होती, यादीत वर होती म्हणून,
त्या तक्त्यात हा ऱ नव्हताच.

"भाषा कुठली घालू?" मी विचारलं.
एम-आर. के-ओ-के. एकच निवडायची.
झिलू गप्प.
भांडतो तो कोंकणीत, भजन म्हणतो मराठीत,
आज्याच्या जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्ये,
त्यांत आडनावच तीन तऱ्हांनी.
बैलांशी बोलतो ती तर कुठल्याच यादीत नाही.
"दोनांयत र तोच मरे?"
"तोच."
"मगीर तूंच पळय," म्हणाला,
आणि पिशवीत हात घालून मिरीतल्या काड्या निवडू लागला.

मी काय निवडलं ते सांगणार नाही.
गावात अजून विचारतात.

नाव पुन्हा खाली पाठवलं, पुन्हा वर आणलं.
दऱ्या गेल्या तशा दऱ्या आल्या, साती.
खालचं गिचमिड मात्र निराळं,
आणि वर, मी टाइप केलेली जुनी सातदऱ्या अन् ही नवी
शेजारी ठेवल्या तर मलाही ओळखू येईनात.

पावती छापली.
प्रिंटर जुना, त्याचा फॉन्ट त्याहून जुना,
कागदावर परत सातदर्या.
झिलूनं माझं बॉलपेन मागितलं,
डोक्यावरचा रफार खोडला,
आणि जीभ दातांत धरून, शाळेत गिरवला होता तसा,
या च्या आधी काढला
आडवा, पापणीएवढा.