राख

मालकीणबाईंनी नाव विचारलं. गॉबनेट, म्हणाले.
जीभ वळत नाही म्हणाल्या,
आधीची ब्रिजेट होती, तूही ब्रिजेटच.
तिचाच ॲप्रन दिला, खिशात तिची केसांची पिन.

जुनी वर्तमानपत्रं चुलीत घालते, आधी वाचून:
मोलकरीण पाहिजे. आयरिश नको.
माझी अक्षरओळख ही अशी,
नन्नाच्या पाढ्यापासून.

बॉस्टनची चूल लोखंडी. रात्री विझवायची, असा नियम.
आमच्याकडे विस्तव विझवत नसत.
आईचा निखारा तिच्या सासूच्या सासूचा,
रात्री राखेखाली निजवलेला, पहाटे फुंकून उठवलेला,
जमीनदाराच्या माणसांनी छप्पर ओढून पाडलं
त्या सकाळपर्यंत.

म्हणून घर निजलं की
तीन निखारे मांडते, वर राख सारते
आणि पुटपुटते ते जुनं मागणं,
संत ब्रिजिडला, जिचं नाव इथे
भांडी घासायला लावलंय.
मधले दोन शब्द हरवलेत.
तिथे नुसतं हूं म्हणते.

काल मागच्या दाराशी शेजारच्या घरची नवी पोर,
डिंगलकडची, डोळे सुजलेले.
खरं नाव काय गं, मी आमच्या भाषेत विचारलं.
बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, मुइरन.
आणि, थोडा विस्तव द्याल का, चूल पेटत नाहीये.

फावडीभर दिला.
निघता निघता मागणं म्हणून पाहिलं दोघींनी.
तिलाही दोन शब्द आठवेनात.
माझे नव्हेत. दुसरेच.