चाळीस मिलिसेकंद

सराफ्यातली दुकानं मिटली
की भुट्ट्याच्या किसाचा वास वर चढतो
खांबावरच्या सत्तावीस नंबरच्या डब्यापर्यंत.

पलासियातून मी दर दहा मिनिटांनी विचारते:
तू तूच ना?
दरवेळी नवा आकडा धाडते,
शिळं उत्तर चालत नाही.

आज सही बरोबर आली,
अक्षर न् अक्षर.
फक्त चाळीस मिलिसेकंद उशिरा.

भागवत सर हजेरी घ्यायचे तेव्हा
शाल्मली किबेच्या जागी मीच म्हणायचे, 'हजर'.
आवाज हुबेहूब तिचा,
पण आधी एक आवंढा.

डबा यादीतून काढलाय.
उजाडल्यावर तन्वीर शिडी घेऊन जाईल,
झाकण उघडेल.

शाल्मली त्या वेळी कुठे असायची,
मी कधी विचारलंच नाही.